गाडीमागे पैसे द्यावेत का?

प्रश्न : माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. चार मेकॅनिक ठरलेल्या पगारावर आहेत. गाडीमागे पैसे दिले तर काम झपाट्यानं होईल, असं भाऊ म्हणतो. मला वाटतं, मुलं घाईघाईत काम उरकतील. बरोबर कोण?

उत्तर : दोघेही. आणि दोघांच्या बाजूचा पुरावा अमेरिकेतल्या गाड्यांच्याच धंद्यात सापडतो.

सेफलाइट ही मोटारींच्या काचा बदलून देणारी कंपनी. 1994-95 मध्ये तिनं कारागिरांना तासावर पगार देणं सोडून बसवलेल्या काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञानं कंपनीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा माणशी काम 44 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. भावाला हा आकडा सांगा, पण पुढचंही सांगा. त्यातली साधारण निम्मीच वाढ जुन्या माणसांनी जास्त हात चालवल्यामुळे झाली होती. उरलेली बरीचशी माणसं बदलल्यामुळे झाली : चपळ कारागीर टिकले आणि नवे आले तेही तसेच. तुमच्याकडचा सगळ्यात सावकाश मेकॅनिक कदाचित इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारा असेल. तो सोडून गेलेला चालेल का, हे आधी ठरवा.

घाईची भीती सेफलाइटलाही होतीच. पण काच नीट बसली नाही की ते दिसून येतं, आणि ती कोणी बसवली याची नोंद असते. बिघडलेलं काम त्याच कारागिरानं पुन्हा, स्वतःच्या वेळात करून द्यायचं असा नियम होता. शिवाय काम कमी झालं तरी किमान पगाराची हमी कायम होती.

त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, 1992 मध्ये, सिअर्स या बड्या दुकानसाखळीच्या वाहन दुरुस्ती केंद्रांचं बिंग कॅलिफोर्नियात फुटलं. सरकारी तपासनीस साधे ग्राहक बनून गाड्या घेऊन गेले, तर बहुतेक वेळा त्यांच्या माथी नको ती दुरुस्ती मारली गेली. ग्राहकाशी बोलणाऱ्या सल्लागारांना ब्रेक, शॉक अ‍ॅब्सॉर्बर अशा विक्रीवर कमिशन होतं, वर टार्गेट. कंपनीच्या अध्यक्षांना अखेर जाहीरपणे मान्य करावं लागलं की या पद्धतीमुळेच चुका घडायला वाव मिळाला. कमिशन बंद झालं.

काच फुटली आहे हे ग्राहकाला स्वतःला दिसतं. ब्रेक बदलायला झालेत की नाही, हे मात्र गॅरेजवालाच सांगणार. डॉक्टरलाच औषधाच्या बाटलीमागे कमिशन दिलं तर रोगी बरा कधी व्हायचा? बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये एका लेखात हे गणितानं मांडलं होतं : मोजता येणाऱ्या कामावर जोरदार बक्षीस लावलं की न मोजता येणारं काम मागे पडतं, आणि अशा ठिकाणी ठरीव पगारच शहाणपणाचा. होल्मस्ट्रॉम यांना पुढे 2016 मध्ये नोबेल मिळालं. सिअर्सनं तो लेख वाचला नसावा.

आपल्याकडचाही एक जुना धडा आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकरांना मजुरी विणलेल्या कापडावर मिळे. सूत खराब आलं की धागा तुटे, माग थांबे आणि मजुरी विणकराची बुडे. खराब सूत पुरवणारा मात्र नामानिराळा. त्यात दोनाऐवजी तीन माग चालवा, असा रेटा आला, तेव्हा 1928 मध्ये कामगार सहा महिने संपावर गेले. त्या संपाची कारणं अनेक होती, पण ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्यांचा भुर्दंड आपल्यावर, ही चीड त्यात होतीच.

तेव्हा पंक्चर, ऑइल बदलणं, वॉशिंग ही कामं खुशाल गाडीमागे द्या. इंजिनकाम पगारावरच ठेवा. पार्टच्या विक्रीवर कमिशन तर मुळीच नको. केलेलं काम महिन्याच्या आत परत आलं तर ते त्याच मुलानं, जादा पैसे न घेता करायचं. पगार खाली किती येऊ देणार नाही, तो आकडा सुरुवातीलाच सांगा. आणि पार्ट वेळेवर न आल्यामुळे गाडी दोन दिवस अडली, तर त्या दोन दिवसांचं नुकसान तुम्ही सोसायचं, हेही कबूल करा. पहिलं भांडण बहुधा त्यावरूनच होईल.