दुर्मिळ मोटारी : किंमत कशावर ठरते?

जुन्या मालाची खरेदी-विक्री करणाऱ्यांनी दोन मोटारींचा हिशेब जरूर समजून घ्यावा. एक इटलीची फेरारी २५० जीटीओ, दुसरी जर्मनीची मर्सिडीज ३०० एसएलआर उहलेनहॉट कूपे. दोन्हींचे इंजिन तीन लिटरचे, दोन्हींची ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. तरी भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. का बरे?

जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात शर्यतीसाठी बनली. तीन लिटरच्या गाड्या निघाल्या फक्त ३६. मोदेना येथील स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात कारागिरांनी अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून त्यांची बॉडी घडवली. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात अशी एक गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली.

मर्सिडीजच्या या कूपे १९५५ साली दोनच बनल्या. त्याच वर्षी ल मां येथील शर्यतीत कंपनीच्या गाडीला भीषण अपघात झाला, ८० हून अधिक माणसे दगावली आणि वर्षअखेर कंपनीने शर्यती सोडल्या. कूपे शर्यतीत उतरलीच नाही. इंजिनिअर रुडॉल्फ उहलेनहॉट ती स्वतः रस्त्यावर चालवीत. मे २०२२ मध्ये स्टुटगार्टच्या संग्रहालयात निमंत्रितांच्या लिलावात त्यातली एक १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली. जाहीर झालेल्या सौद्यांत इतकी किंमत दुसऱ्या कोणत्याही मोटारीला आलेली नाही. ती रक्कम शिष्यवृत्ती निधीसाठी ठेवली गेली. दुसरी कूपे कंपनीने स्वतःजवळच ठेवली.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. पहिली गोष्ट, कूपेचा सौदा एकच झाला. एका थानाच्या विक्रीवरून बाजारभाव ठरत नाही. जीटीओ मात्र अनेकदा हात बदलते, म्हणून तिचा भाव पडताळून पाहता येतो.

दुसरी गोष्ट, भाव नेहमी चढतच नाही. १९८९ च्या तेजीत जीटीओने एक कोटी डॉलरचा आकडा ओलांडला होता. पुढे मंदी आली आणि भाव अर्ध्याच्याही खाली आले. थांबण्याची ऐपत असणारे तरले. अशा मंदीत उधारीवर माल घेणाऱ्याला मिळेल त्या भावात विकावे लागते.

तिसरी गोष्ट, अस्सलपणा. फेरारीच्याच २५० जीटीई या साध्या गाड्या मोडून जीटीओच्या नकला तयार झाल्या आहेत. चकाकी दोघींची सारखीच. फरक कळतो तो चॅसिस नंबर, इंजिन नंबर, शर्यतींच्या नोंदी आणि पूर्वीच्या मालकांची अखंड साखळी यांवरून. उहलेनहॉट कूपेच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता, कारण ६७ वर्षे ती बनविणाऱ्याच्याच ताब्यात होती.

व्यापारी बंधूंनो, माल मोटारीचा असो, जुन्या पैठणीचा असो की तांब्याच्या भांड्यांचा, नियम एकच. नग किती आहेत ते विचारा, मागचे सौदे तपासा, कागद पाहा. त्यानंतरच भावाची बोलणी करा.