तुळू देशाचें बिसू पर्ब व आमचें शेतकरी वर्ष

नव्या वर्षाचा दिवस कोणता, असें विचारल्यास आमच्या हर्णे-दापोलीकडील कोणीही शेतकरी चैत्र शुद्ध प्रतिपदेचें नांव घेईल. त्याच शेतकऱ्यास भाताची पेर केव्हां, असें विचारलें तर तो तिथि सांगणार नाहीं; रोहिणी किंवा मृग सांगेल. एकाच घरांत दोन पंचांगें चालतात. एक देवघराचें, दुसरें शेताचें. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिचें कारण शोधावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. तें कारण व त्यापासून घ्यावयाचा बोध, आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेस राहणाऱ्या तुळू लोकांच्या वर्षारंभाच्या सणावरून चांगला ध्यानांत येतो. म्हणून त्या सणाची माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

तुळू देश म्हणजे कर्नाटकांतील मंगळूर व उडुपीचा प्रदेश आणि त्यास लागून असलेला केरळांतील कासरगोडचा उत्तर भाग. मुंबईस ज्यांचीं उडुपी उपाहारगृहें आपण पाहतों, त्यांतील पुष्कळांचें हें मूळस्थान होय. तेथील जमीन आपल्यासारखीच जांभ्याची, पाऊस नैर्ऋत्येचा, आणि उत्पन्न भात, नारळ, सुपारी, आंबा, फणस व काजू यांचें. भाताचीं पिकें मात्र तीन : पावसाळी तें एणेल, त्यामागून सुग्गी, आणि पाणी पुरेल तेथें उन्हाळी कोळके.

दिवस कसा ठरतो

तुळू लोकांचे महिने सूर्याच्या राशींवरून मोजले जातात. पहिला महिना पग्गु. सूर्य मेष राशींत आला म्हणजे तो सुरू होतो, आणि त्याचा पहिला दिवस तेंच बिसू पर्ब. ‘बिसू’ हा शब्द संस्कृत ‘विषुव’ यापासून आला आहे. हा दिवस १४ किंवा १५ एप्रिल रोजीं येतो. केरळांतील विषु, तमिळांचें पुत्तांडु, पंजाबांतील बैसाखी, बंगाल्यांचा पहिला वैशाख व आसामांतील बिहू हे सर्व याच संक्रांतीचे सोबती होत.

आमचा पाडवा चंद्राच्या तिथीनें येतो. बारा चांद्रमासांचे दिवस सुमारें ३५४ भरतात. सौर वर्षाचे ३६५. अकरा दिवसांची ही तूट साचत जाते व अधिक मास घालून ती भरून काढावी लागते. म्हणून पाडवा मागें-पुढें सरकतो. सन २०२३ मध्यें तो २२ मार्चला आला, २०२४ मध्यें ९ एप्रिलला, व २०२५ मध्यें ३० मार्चला. पावसाचीं नक्षत्रें मात्र सूर्यावरून धरलेलीं असल्यामुळें रोहिणी मेच्या पंचविशीस व मृग जूनच्या ७ किंवा ८ तारखेस ठरलेलेंच. पाडव्यापासून रोहिणीपर्यंत २०२३ मध्यें ६४ दिवस मिळाले, तर २०२४ मध्यें अवघे ४६. बिसूपासून रोहिणीपर्यंत मात्र दरसाल चाळीस-एकेचाळीस दिवसच असतात.

सौर वर्ष आम्हांस परकें आहे असें कोणीं समजूं नये. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. जुन्या मराठी कागदांवर जो सुहूर सन आढळतो, त्यास ‘मृगसाल’ असेंही म्हणत. सूर्य मृग नक्षत्रीं गेला म्हणजे हें साल पालटे. त्या सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले असतां इसवी सन निघतो. वसुलाचें वर्ष पेरणीपासून मोजावें हें शहाणपण मराठी राज्याच्या कारभारांत रुजलेलें होतें.

सणाचा विधि

बिसूच्या पहांटे उठतांच प्रथम ‘कणी’चें दर्शन घ्यावयाचें. केळीच्या पानावर तांदूळ, नारळ, काकडी, आंबे, फणस, काजू, विड्याचीं पानें व सुपारी मांडतात. शेजारीं सोनें व आरसा ठेवून दिवा लावतात. वर्षाची पहिली नजर आपल्याच कष्टाच्या फळावर पडावी हा हेतु. मग लहानांनीं वडिलांच्या पायां पडावें व वडिलांनीं आशीर्वाद द्यावा. हल्लीं परस्परांस ‘बिसु पर्बद एड्डेप्पुलु’ असें म्हणतात. ‘एड्डे’ म्हणजे चांगलें. जेवणांत मुगाचें पायस व ओल्या काजूची भाजी असते.

याच दिवशीं शेताच्या कोपऱ्यांत थोडी नांगरट करून मूठभर भात पेरतात. त्यास ‘कै बित्त्’, म्हणजे हाताचें बीं, असें म्हणतात. पावसास अजून अवकाश असतो. तरी बियाणें त्या दिवशीं कणगींतून बाहेर निघतें व धन्याच्या हातावर येतें.

भेट आणि भय

पूर्वीं बिसूस कूळ आपल्या वाडींतील भाजी, फळें, नारळ घेऊन जमीनमालकाकडे जाई. यास ‘बिसू कणिके’ म्हणत. मालकही उलट तांदूळ, तेल असें कांहीं देई. ऐकावयास हें गोड आहे. परंतु तेथें कुळांचे दोन प्रकार होते : मूळगेणी म्हणजे कायम कूळ, आणि चालगेणी म्हणजे साल मुदतीचें. ज्याची जमीन पुढील सालीं राहील कीं जाईल हें मालकाच्या मर्जीवर, त्याच्या टोपलींत प्रेम किती व भय किती, हें वेगळें सांगावयास नको. आमच्याकडील खोताच्या अंगणांत फणस व काकड्या नेणाऱ्या कुळाची स्थिति याहून निराळी नव्हती. खोती मोडण्याचें विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३७ मध्यें मुंबई कायदेमंडळांत मांडलें. खोती नाहींशी करणारा कायदा १९४९ मध्यें झाला. १९४८ च्या कूळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. कर्नाटकांत १९७४ पासून कुळवहिवाट बंद होऊन कसणारास जमीन मिळाली. तेव्हांपासून बिसूचें अभिवादन तेथें मोकळ्या मनानें करतां येऊं लागलें.

नवें

पीक तयार झाल्यावर तुळू लोक नव्या लोंब्या घरीं आणून खांबांस व अवजारांस बांधतात; त्यास कुरल पर्ब म्हणतात. नव्या तांदुळाचें जेवण तें पुद्दार. आमच्या कोंकणांतील ‘नवें’ यांचें सख्खें भावंड होय. आश्विनांत भाताच्या लोंब्या, आंब्याचीं पानें, झेंडू व कुरडूचीं फुलें एकत्र करून दारास, देव्हाऱ्यास व नांगरास बांधण्याची आपली रीत वाचकांस सांगावयास नको.

आम्हीं काय घ्यावें

पाडव्याची गुढी व कडुनिंब सोडावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु शेताच्या कामास ठरीव दिवस असावा, व तो मेष संक्रांतीचा धरावा, अशी आमची सूचना आहे. त्या दिवशीं दोन कामें करावीं.

पहिलें, बियाण्याची परीक्षा. घरच्या भाताचे न निवडतां १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे, गोणपाट सुकूं देऊं नये, व चौदाव्या दिवशीं अखेरची मोजणी करावी. ८० किंवा अधिक दाण्यांस चांगले कोंब आले तर बियाणें प्रमाणास उतरलें. कमी आले तर रोहिणीपूर्वीं दुसरें मिळविण्यास तीन आठवड्यांहून अधिक अवधि हातीं राहतो. राब भाजून झाल्यावर व आकाश भरून आल्यावर कळून उपयोग नाहीं. पुढें पेरणीच्या वेळीं १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं टाकावें, तरंगलेलें पोंचट काढून टाकावें, व तळचें स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुवून सावलींत सुकवावें.

दुसरें, माणसांचा हिशेब. आज कुळें नाहींत, पण लावणीस गडी व बायाबापड्या आपल्याकडे येतात. मागील सालचें कोणाचें देणें राहिलें असेल तर तें त्या दिवशीं चुकतें करावें, व येत्या हंगामाची मजुरी बोलून ठेवावी. पूर्वीं टोपली कुळाच्या डोक्यावरून धन्याच्या घरीं येई. आतां आपल्या वाडींतील चार नारळ व दोन फणस घेऊन आपणच कामकऱ्याच्या दारीं जावें. लावणीच्या ऐन दिवसांत माणसें मिळत नाहींत अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते; ज्याचा हिशेब चोख व बोलणें गोड, त्याच्या शेतावर ती कमी ऐकूं येईल असा आमचा भरंवसा आहे.