उष्णता पंपातील साहाय्यक व आपत्कालीन उष्णता

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात व त्याच्या आसपासच्या दक्षिणेकडील प्रदेशात हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्याचे काम बहुतांशी विजेवर चालते. त्यांतील पुष्कळ घरांत त्यासाठी उष्णता पंप बसविलेला असतो. इंदूर, बडोदे, बेळगाव येथून मुलामुलींकडे काही महिने राहावयास जाणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना हे यंत्र नवखे वाटते. भिंतीवरील थर्मोस्टॅटच्या छोट्या पेटीवर कडाक्याच्या थंडीत ‘ऑक्झिलरी हीट’ ही अक्षरे आपोआप उमटतात. त्याच पेटीवर ‘इमर्जन्सी हीट’ अशी एक कळही असते. पहिलीचा अर्थ साहाय्यक उष्णता आणि दुसरीचा आपत्कालीन उष्णता. दोहोंत उष्णता देणारे साधन बहुधा एकच असते. परंतु खर्च मात्र एक नसतो. हा भेद ध्यानात न आल्यास विजेचे बिल दुपटीतिपटीवर जाऊ शकते.

प्रथम पंपाचे कार्य पाहू. चालू असलेल्या रेफ्रिजरेटरच्या पाठीमागे हात धरला असता उबारा लागतो. त्यातील मोठा भाग आतील पदार्थांतून काढून बाहेर टाकलेल्या उष्णतेचा असतो. उष्णता पंप हेच काम घराच्या प्रमाणावर करतो. फक्त येथे उष्णता बाहेरून काढून आत आणावयाची असते. बाहेरील हवा आपणांस गार लागली तरी तिच्यात उष्णता असतेच. उणे २७३ अंश सेल्सिअसपर्यंत ती संपत नाही. बाहेरच्या नळ्यांतून फिरणारा शीतक द्रव त्या हवेहूनही थंड राखलेला असल्याने तो तिच्यातील उष्णता शोषून घेतो व त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवितो, आणि घरातील नळ्यांत उष्णता सोडून ती पुन्हा द्रवरूप होते. मोट ओढणारे बैल पाणी निर्माण करीत नाहीत, विहिरीतले वर आणतात. तसेच येथे वीज उष्णता उपसण्यासाठी खर्ची पडते. १८५२ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनी ही कल्पना मांडली होती. १९३८ साली झुरिचच्या नगरभवनात नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारा पंप कामास लागला.

विहिरीचे पाणी खोल गेले की बैलांचे श्रम वाढतात. त्याचप्रमाणे बाहेरचे तापमान उतरते तसतसा पंपाचा लाभ कमी होतो. आठ अंशांच्या सुमारास चांगला पंप एका युनिट विजेत तीन युनिटांहून अधिक उष्णता आत आणतो. उणे आठ-दहा अंशांवर हे प्रमाण दोनाच्या आसपास येते. नेमक्या याच वेळी घराला उष्णता अधिक लागते. ही तूट भरून काढण्यासाठी आतील हवेच्या मार्गात विजेच्या शेगडीत असतात तशा कॉइली बसविलेल्या असतात. त्या एका युनिटाची एकच युनिट उष्णता देतात. पंप चालू असतानाच थर्मोस्टॅट त्यांना मदतीस बोलावतो, हीच साहाय्यक उष्णता होय.

कडक थंडीखेरीज आणखी दोन प्रसंगी ती सुरू होते. बाहेरच्या नळ्यांवर हिम साचले की पंप काही मिनिटे उलटा फिरून ते वितळवितो. त्या वेळी आत गार झोत येऊ नये म्हणून कॉइली चालतात. दुसरा प्रसंग मात्र माणसाने ओढवून घेतलेला असतो. रात्री बचतीच्या हेतूने तापमान सोळा अंशांवर आणावयाचे आणि पहाटे एकदम एकवीस करावयाचे, असा अनेकांचा परिपाठ असतो. साध्या थर्मोस्टॅटला ही तफावत मोठी दिसते व तो लगेच कॉइली पेटवितो. मग रात्रीची बचत सकाळी खर्ची पडते. तापमान एकाच अंकावर ठेवणे, अथवा ते सावकाश वाढविणारा थर्मोस्टॅट वापरणे, हे अशा घरांत फायद्याचे ठरते.

आपत्कालीन कळ ही निराळी बाब आहे. ती दाबली की पंप पूर्णपणे बंद होतो आणि सर्व भार कॉइलींवर पडतो. उदाहरणादाखल, बाहेर पाच अंश तापमान असताना एखाद्या घराला ताशी सहा युनिट उष्णता लागते असे धरू. पंप ती दोन युनिटांत देईल. कॉइलींना सहा युनिटे लागतील. चोवीस तासांचा हिशेब अनुक्रमे ४८ व १४४ युनिटांचा होतो. उणे दहा अंशांवर दहा युनिटांची गरज धरली, तर पंप तीन युनिटे घेऊन सहाची भरती करील आणि उरलेली चार कॉइली देतील. एकूण खर्च सात युनिटांचा. कळ दाबल्यास तो दहाचा. म्हणजे ऐन थंडीतही पंप बंद करण्यात तोटाच आहे. ‘आपत्कालीन’ हे नावच येथे दिशाभूल करते. कडाक्याची थंडी म्हणजे आपत्ती, असे समजून लोक कळ दाबतात. वस्तुतः ही आपत्ती यंत्रावरची आहे, हवामानाची नव्हे.

कॉम्प्रेसर बंद पडला, बाहेरील पंखा मोडला, फांदी कोसळली किंवा गोठणाऱ्या पावसाने बाहेरचा संच बर्फाने मढून गेला, तर मात्र ही कळ दाबून मेकॅनिकला बोलवावे. नळ्यांवरील पातळ पांढरे हिम हा बिघाड नव्हे. हिम वितळताना संचातून वाफेचे लोट उठतात. ते पाहून नवखा माणूस आग लागली असे समजून घाबरतो. तोही बिघाड नव्हे. दाट बर्फ दांडक्याने फोडू नये, नळ्यांवरील पातळ पत्रे वाकतात. दुरुस्ती झाल्यावर कळ पूर्ववत करणे हे सर्वांत विसरले जाणारे काम आहे. घर उबदार असल्याने चूक बिल येईपर्यंत कळत नाही. ज्या घरांत कॉइलींऐवजी गॅसची अथवा तेलाची भट्टी असते, तेथे हा हिशेब इंधनाच्या दरावर अवलंबून राहतो.

प्रश्न एका घरापुरता नाही. टेनेसी व्हॅली अ‍ॅथॉरिटी ही संस्था १९३३ साली स्थापन झाली. तिच्याच धर्तीवर आपल्याकडे १९४८ साली दामोदर खोरे निगम उभे राहिले. २३ डिसेंबर २०२२ रोजी त्या खोऱ्यात तापमान अवघ्या काही तासांत कोसळले. थंडीमुळे काही वीजनिर्मिती संच बंद पडले, मागणी मात्र वाढत गेली. पंपाचा लाभ घटतो त्याच घटकेला घरोघरच्या कॉइली एकदम पेटतात, हे अशा मागणीचे वैशिष्ट्य होय. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संस्थेला आपल्या इतिहासात प्रथमच पाळीपाळीने वीजपुरवठा खंडित करावा लागला. अलीकडे कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलणारे पंप आले आहेत. त्यांतील थंड प्रदेशांसाठी बनविलेले पंप उणे पंचवीस अंशांच्या सुमारासही उष्णता उपसू शकतात, आणि त्यांच्या कॉइली क्वचितच पेटतात.