गॅस गिझरचं धुराडं: फोटो आला आणि नाखव्याने आधी पाइप शोधला

आज मासळीचा भाव नाही, डिझेलचा परतावा नाही. विषय न्हाणीघराचा आहे.

आपल्या एका सभासदाची मुलगी नोकरीला हैदराबादेत आहे. काचीगुडा स्टेशनापासून जवळच बरकतपुऱ्यात भाड्याने राहते. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पहाटे चांगलाच गारठा असतो. न्हाणीघर एवढंसं, त्यात गॅसचा गिझर. "आंघोळ करून आले की डोकं दुखतं, मळमळतं," असं ती फोनवर म्हणाली. आईला वाटलं, थंडी बाधली. बापाने फोटो मागवला. बोटीवरचा माणूस तो, त्याने आधी धूर जायचा पाइप शोधला. पाइप नव्हताच. खिडकी होती, तीही गारठ्यामुळे कागद लावून बंद!

आता हे समजून घ्या. गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या खोलीत हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, याला ना वास ना रंग. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटके पडतात, कडी काढायचंही सुचत नाही. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेलं जोडपं न्हाणीघरात मृत सापडलं, तेव्हा संशय गॅस गिझरवरच आला होता.

सगळ्यात बरं म्हणजे गिझर बाहेर, उघड्या गॅलरीत लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा. ज्या गिझरला वर पाइप बसवायची गळपट्टीच नाही, तो तर बाहेरच हवा. त्याला घरचा जुगाड करून पाइप लावू नका.

गळपट्टी असेल तर पाइप तिच्याच मापाचा घ्या, बारीक नको. स्टीलचा किंवा पत्र्याचा. पीव्हीसी उष्णतेने वितळतो. गिझरवरून आधी दोन फूट तरी सरळ वर, मग वळण. आडवा भाग आखूड, दर फुटाला पाव इंच चढ देऊन. तोंड थेट मोकळ्या हवेत, खिडकीपासून लांब, वर टोपी. इमारतीच्या बंद डक्टमध्ये सोडलात तर वरच्या मजल्यावरच्या घरात धूर जाईल. आणि खाली, दाराजवळ, कायमची उघडी जाळी हवीच. धूर बाहेर जायचा तर तेवढी हवा आत आली पाहिजे.

एक्झॉस्ट फॅनवर भरवसा ठेवू नका. मागून वारा असला की सायलेन्सरचा धूर केबिनमध्ये घुसतो, हे आपल्याला माहीत आहे. जाळी नसलेल्या न्हाणीघरात फॅन तेच करतो, पाइपातला धूर उलटा आत ओढतो.

तपासायला अगरबत्ती पुरे. दार लावा, फॅन असेल तर तोही चालू करा, गिझर पाच मिनिटं पेटू द्या आणि अगरबत्ती गळपट्टीखालच्या फटीशी धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. तोंडावर आला तर गिझर लगेच बंद, दार उघडा, मिस्त्री बोलवा. ज्योत निळीच हवी. पिवळी झाली किंवा भिंतीला काजळी धरली तरी बंद. कोणी आत पडलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ लावा. पाठोपाठ आत जाऊन स्वतः बसू नका.

बरकतपुऱ्याचा घरमालक आधी "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही" म्हणाला. मग बापाने स्वतः फोन केला. गिझर आता मागच्या गॅलरीत आहे आणि पोरीची डोकेदुखी थांबली.

तुमची मुलं बाहेरगावी असतील तर आज रात्रीच गिझरचा फोटो मागवा. आणि बोटीच्या केबिनमध्ये दार लावून स्टोव्ह पेटवणाऱ्या खलाशांनाही हे वाचून दाखवा.