ट्रॅक्टरमध्ये बायोडिझेल घालावे का?

प्रश्न : ट्रॅक्टर पंधरा वर्षांचा आहे. स्वस्तात मिळणारे बायोडिझेल भरावे का? – एक शेतकरी, भिवंडी

उत्तर : आधी विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागा. त्यावर 'आयएस १५६०७' हे मानक नसेल तर घेऊच नका. बायोडिझेलच्या नावावर भलतेच तेल खपवले जाते. अस्सल असले तरी निव्वळ नको. पाच-सात टक्के मिश्रण इंजिनाला सहसा बाधत नाही. जास्त प्रमाणात मात्र ते जुन्या टाकीतला गाळ सोडवते, फिल्टर तुंबतो, रबरी नळ्या फुगतात. शिवाय ते ओलावा धरते. चिखलणी आटोपली की तुमचा ट्रॅक्टर ऐन पावसात उभाच! इंधनात पाणी उतरून पंप गंजला तर वाचलेले पैसे मेकॅनिकच्या खिशात. अशा ट्रॅक्टरला मी तरी साधे डिझेलच सुचवेन.