वेब डेव्हलपर : घडण, प्रेरणा, श्रद्धा आणि कोडमधल्या आवडीनिवडी

वेब डेव्हलपर संकेतस्थळ बांधतो आणि ते चालते ठेवतो. पडद्यावर दिसते ते फ्रंटएंड. त्यामागे माहिती साठवणारे, हिशेब करणारे ते बॅकएंड. अमरावती-अकोल्यातून इकडे येणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत. बारावीनंतर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा देऊन अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९६४) किंवा बडनेरा, बाभुळगाव, शेगाव येथली महाविद्यालये गाठता येतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केल्यास अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बीसीए या संगणक पदवीसाठीही २०२४ पासून राज्याची सीईटी आहे.

घरी कापूस-सोयाबीनची शेती आणि शाळा मराठी माध्यमाची, म्हणून मूल मागे पडेल ही पालकांची भीती अनाठायी आहे. नेहमीच्या वेबकामाला उच्च गणित क्वचित लागते. तर्क आणि चिकाटी रोज लागते. इंग्रजीतील तांत्रिक माहिती वाचून समजणे मात्र अटळ आहे, आणि ते सरावाने जमते. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी ती हमी लेखी मागावी, जुन्या विद्यार्थ्यांनी केलेली कामे पाहावीत.

पगार ही खरी प्रेरणा आहे, त्यात संकोचण्यासारखे काही नाही. तेवढ्यावर मात्र शिकण्याची पहिली कंटाळवाणी वर्षे निभत नाहीत. मामाच्या कृषी केंद्राचे किंवा गावच्या वाचनालयाचे पान तयार करून ते लोकांना वापरताना पाहिले की जी ओढ लागते, ती टिकते. मुलाखतीतही अशी चालती कामे गुणपत्रिकेच्या बरोबरीने बोलतात.

श्रद्धा आणि संगणक यांचे वैर नाही. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून गजानन महाराजांच्या नावाने उभे आहे. पर्ल ही संगणकाची भाषा १९८७ मध्ये आणणारे लॅरी वॉल श्रद्धाळू ख्रिस्ती. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेला लिपी देऊन तीत बायबल नेण्याच्या इराद्याने ते भाषाशास्त्र शिकले होते. भाषेची ती जाण पर्लच्या रचनेत उतरली. गुरुवारचा उपास करणारा असो वा देव न मानणारा, नोकरी देणाऱ्याने पाहायचे ते काम. दुसऱ्याची खासगी माहिती जपणे आणि न दिसणारा भागही नीट करणे, हा प्रामाणिकपणा मात्र कुठून तरी यावा लागतो. पुष्कळ घरांत तो श्रद्धेतूनच येतो.

‘कोणती भाषा शिकवू?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. आधी एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट. मग पीएचपी किंवा पायथन यांपैकी एक. रिॲक्टसारखी साधने त्यानंतर. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट सुरुवातीपासून वापरावे. मराठी मुलांनी देवनागरीची तांत्रिक बाजू जरूर शिकावी. ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार चिन्हांचे असते. जावास्क्रिप्ट त्याची लांबी चार सांगते. हे ठाऊक नसलेला डेव्हलपर फॉर्ममध्ये अक्षरमर्यादा घालतो आणि मराठी नाव अर्ध्यावर तुटते. शेतकऱ्याच्या अर्जात अशी चूक महागात पडते.

कोडच्या ओळी आत सरकवायला टॅब की स्पेस, काळा पडदा की पांढरा, हा आपापल्या सवयीचा भाग. एकट्याच्या कामात हवे ते निवडावे; चमूत गेल्यावर चमूची ठरलेली पद्धत पाळावी लागते.