नोकरीला नकार कसा द्यावा?

नोकरी कशी मिळवावी याविषयी आपल्याकडे शिबिरे होतात, व्याख्याने होतात, पुस्तकेही पुष्कळ आहेत. परंतु चालून आलेली नोकरी नाकारण्याची वेळ आली तर ती कशी नाकारावी, हे सहसा कोणी शिकवीत नाही. मागच्या पिढीला हा प्रश्न क्वचितच पडला. मिळेल ते काम पत्करणे हाच तेव्हा एक मार्ग होता. आज वसई, नालासोपारा, विरार येथील घराघरांतून पदवीधर मुले-मुली आहेत आणि एकाच वेळी दोन ठिकाणी निवड झाल्याची उदाहरणेही दिसतात. अशा वेळी पुष्कळजण "बघू, कळवितो" असे म्हणतात आणि नंतर फोनच उचलीत नाहीत. 'नाही' म्हणणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. वास्तविक उद्धटपणा आहे तो गप्प बसण्यात.

नाकारण्यापूर्वी

नोकरी कशासाठी नाकारीत आहोत, हे प्रथम स्वतःला स्पष्ट सांगता आले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये, म्हणजे त्या काळी चांगलाच. तरीही मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, कारण लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करावयाचे होते. मात्र त्यांनी नोकरी सोडली ती तजवीज करून. पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली होती, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या मित्राने कर्जाऊ रक्कम दिली होती. १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळाली. नोकरीचा राजीनामा आणि नोकरीस नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण कसोटी एकच. हेतू ठाम हवा आणि पुढची सोय झालेली हवी.

आपला हिशेबही कागदावर मांडावा. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर आहे. लोकलचा एका बाजूचा प्रवासच साधारण दीड तासाचा. ठाण्याकडे जावयाचे तर वसई रोड-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी असेल, तर परतीची गाडी कोणती, हे आधी पाहावे. पगार, प्रवास, पाळी, शिकण्याची संधी आणि घरची जबाबदारी या पाचही गोष्टी समोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

अडचण फक्त पगाराची किंवा पाळीची असेल, तर नकार देण्याअगोदर एकदा विचारून पाहावे. "इतका पगार असल्यास मी येऊ शकेन" किंवा "दिवसपाळी मिळू शकेल काय?" असे सरळ विचारण्यात कमीपणा नाही. मात्र दुसरीकडून मोठा पगार मिळतो आहे अशी खोटी बतावणी करू नये. ती उघडकीस आली की दोन्ही दारे बंद होतात.

हातचे सोडून पळत्याच्या पाठी नको

सरकारी निवड यादीत नाव लागले की काहीजण त्याच दिवशी खाजगी नोकरी नाकारून मोकळे होतात. ही घाई महागात पडू शकते. निवड यादीत नाव आले एवढ्यावरून उमेदवाराला नेमणुकीचा अबाधित हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शंकरसन दास प्रकरणात १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे. कागदपत्रांची तपासणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी हे टप्पे बाकी असतात. म्हणून एका ठिकाणचे लेखी नेमणूक पत्र हाती आल्यावरच दुसरीकडे नकार कळवावा. त्यासाठी वेळ हवा असेल तर, "अमुक तारखेपर्यंत मुदत मिळावी" अशी विनंती करावी आणि ती तारीख पाळावी.

नकार कसा कळवावा

१. निर्णय झाला की एक-दोन दिवसांत कळवावे. रुजू होण्याच्या दिवसाची वाट पाहू नये.
२. ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना आधी फोनवर सांगावे आणि लगेच पत्राने किंवा ई-मेलने कळवावे. प्रत आपल्याजवळ ठेवावी.
३. कारण एकच आणि थोडक्यात द्यावे. कंपनीचे दोष मोजून दाखवू नयेत.
४. 'नाही' हा शब्द संदिग्ध ठेवू नये. "सध्या जरा अडचण आहे" या वाक्यातून समोरच्याला होकारही समजत नाही आणि नकारही.
५. आभार मानावेत. आज मुलाखत घेणारी व्यक्ती उद्या दुसऱ्या कंपनीत भेटू शकते.

होकाराच्या पत्रावर आधीच सही झाली असेल, तर त्यातील अटी नीट वाचून मगच पत्र लिहावे. पत्राचा नमुना असा:

"महोदय, आपले नेमणूक पत्र मिळाले. आपण माझी निवड केलीत याबद्दल मी आपला आभारी आहे. माझ्या शिक्षणाशी अधिक जुळणारे काम मला अन्यत्र मिळाले असल्याने मी आपल्याकडे रुजू होऊ शकत नाही. आपणांस दुसऱ्या उमेदवाराची निवड वेळेत करता यावी म्हणून हे तातडीने कळवीत आहे. पुढे कधी आपल्या संस्थेत काम करण्याचा योग आल्यास आनंद होईल. आपला विश्वासू."

एवढे पुरे. याहून लांब पत्राची गरज नाही.

आपल्या मौनात दुसऱ्याची नोकरी अडकते

सरकारी भरतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. हुशार उमेदवाराची दोन-तीन परीक्षांतून निवड होते. रुजू तो एकाच ठिकाणी होतो. बाकीच्या ठिकाणी काहीच कळवीत नाही. प्रतीक्षा यादी प्रवर्गानुसार असते आणि तिला मुदत असते. पहिल्याने नकार कळविला नाही, तर त्याच प्रवर्गातील पुढचा उमेदवार ताटकळत राहतो. मुदत संपली, तर ती जागा पुढच्या जाहिरातीपर्यंत रिकामीच राहते आणि तोवर त्या उमेदवाराचे वयही निघून जाऊ शकते. राखीव जागा भरली गेली नाही म्हणून आपण शासनाला जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. पण ती आपल्याच एखाद्या भावाच्या किंवा बहिणीच्या मौनामुळे अडकू नये, हे पाहणे आपल्याच हाती आहे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने अलीकडच्या वर्षांत तात्पुरत्या गुणवत्ता यादीनंतर ठराविक दिवसांत भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा, म्हणजे 'ऑप्टिंग आऊट'चा, पर्याय दिला आहे. ज्यांना ते पद नको आहे त्यांनी तो मुदतीत अवश्य वापरावा. मात्र हा पर्याय दिल्यानंतर त्या भरतीतील आपला दावा संपतो, हे ध्यानात ठेवून पूर्ण विचारांती द्यावा. इतर कार्यालयांतही रुजू व्हावयाचे नसेल तर तसा लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

घरातील वडीलधाऱ्यांनीही मुलांना विचारावे, "दुसरीकडे नकार कळविलास का?" नोकरी लागल्याचे पेढे वाटतानाच हा प्रश्न विचारला, तर कुठेतरी दुसऱ्या घरीही पेढे वाटले जातील.